साडेतीन हजार शब्द

शब्दांची भीती वाटावी असे माझे वय आता राहिलेले नाही. इंग्रजी शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. शब्द हेच माझे भांडवल आणि शब्द हाच माझा व्यापार. तरीही गेल्या आषाढात एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे जी वही आणून ठेवली, ती उघडताच माझ्या छातीत क्षणभर धस्स झाले. दोनशे पानांची वही; प्रत्येक पानावर मधोमध ओढलेली रेघ; रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ; आणि हा क्रम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, 'ए'पासून 'झेड'पर्यंत, कोठेही श्वास न घेता चाललेला.

“सर, साडेतीन हजार आहेत,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता की धास्ती होती, ते मला ओळखता आले नाही. “रोज शंभर केले, तर पस्तीस दिवसांत संपतात.”

'संपतात' हे क्रियापद मला मोठे मौजेचे वाटले. पेटीतले आंबे संपतात, महिन्याचा पगार संपतो. पण शब्द संपतात हे मी प्रथमच ऐकत होतो. मी हसलो. त्या हसण्याचा मला कितपत अधिकार होता, ते वाचकांस पुढे कळेलच.

हा मुलगा महाड औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने वाढलेला. सावित्रीच्या खोऱ्यात, बिरवाडीच्या बाजूस, आज रसायनांच्या कारखान्यांची धुरांडी उभी आहेत. आणि महाड-पोलादपूरकडील खेड्यापाड्यांतली शेकडो माणसे पाळीच्या वेळांवर आपले जेवण, झोप आणि सणवार बांधून घेऊन जगत आहेत. त्याचे वडील अशाच एका कारखान्यात गेली सत्तावीस वर्षे ऑपरेटर आहेत. मुलगा इंजिनिअर झाला, आणि आता पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याचे त्याच्या मनात आहे. तेथील अनेक विद्यापीठे त्यासाठी जी. आर. ई. नावाच्या परीक्षेचे गुण मागतात, आणि या परीक्षेचा एक भाग इंग्रजी भाषेचा असतो. पूर्वी या भागात एखादा अवघड शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारीत, किंवा शब्दांच्या दोन जोड्यांतले साम्य ओळखावयास सांगत. २०११ साली हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. आता शब्द एकटा येत नाही. तो वाक्यात येतो, आणि गाळलेल्या जागी कोणता शब्द शोभेल हे वाक्याचा रोख पाहून ठरवावे लागते. परीक्षा बदलली, पण यादी काही बदलली नाही. थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, मित्राकडून मित्राकडे, गतवर्षीच्या पंचांगासारखी ती अजून हस्तांतरित होत आहे.

परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली, आणि तीत १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. तेव्हापासून आजपर्यंत दिव्यांतले तेल गेले, वीज आली, पुस्तकांच्या जागी हातातले यंत्र आले. परंतु पहाटे उठून डोळे मिटून शब्द घोकणारा मराठी मुलगा मात्र तसाच आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडले. उंबरठ्याच्या आत जो तो आपापल्या नशिबाने गेला.

मी स्वतः या पंथातलाच जुना माळकरी. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मी पुण्यास होतो, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुईस यांचे १९४९ साली निघालेले शब्दसामर्थ्यावरील प्रसिद्ध पुस्तक जुन्या भावात विकत आणले होते. त्या बिचाऱ्या ग्रंथकाराने शब्दांची कुळे लावून, एका धातूपासून निघालेले दहा शब्द एकाच ठिकाणी बसवून, ते हसतखेळत शिकविण्याचा प्रपंच केला होता. मी काय केले, तर ते सारे शब्द कुळांतून उपटून काढून एका वहीत वर्णानुक्रमाने उतरून घेतले. आमच्या कोकणात जिवंत मासळी पाण्यातून काढून वाळूवर सुकत घालतात, तसाच हा प्रकार. सुकट साठवणीला बरी. पण ती पोहत नाही.

ती टिकतही नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करावयाच्या, आणि त्या किती वेळाने किती विसरल्या जातात ते मोजावयाचे, असा तो उपद्व्याप. पाठांतराला घातलेल्या श्रमांपैकी अर्ध्याहून अधिक श्रम पहिल्या तासाभरातच वाया जातात, असे त्याला आढळून आले. ज्या शब्दाचे आपल्याशी काही नाते नाही, तो आपल्या दृष्टीने अर्थहीन अक्षरजोडीच होय. मग कोशात त्याच्यापुढे अर्थ म्हणून काहीही छापलेले असो. हे सारे मला ठाऊक होते. वर्गात मी ते सांगतही असे. आणि तरीही त्या मुलाची वही घेऊन रोज संध्याकाळी त्याची उजळणी घेण्याचे मी कबूल केले. गुडघ्याएवढ्या पावसातून तो येई, मी शब्द विचारी, तो अर्थ सांगे, आणि आम्ही दोघेही आपापले कर्तव्य केल्याच्या समाधानात चहा घेत असू.

पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही 'सी'पर्यंत पोचलो. त्या दिवशी पाऊस उभा कोसळत होता. मुलाचे वडील पहिली पाळी आटोपून काही खरेदीसाठी बाजारात आले होते. मुलाला बरोबरच न्यावे म्हणून ते माझ्या घरी आले. छत्री बाहेर निथळत ठेवून ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. शिक्षकाच्या घरी काही माणसे अशीच बसतात.

“कॉस्टिक,” मी विचारले.

“कॉस्टिक म्हणजे सार्कॅस्टिक, बायटिंग, सिव्हिअर,” मुलाने एका दमात सांगितले.

“मराठीत सांग.”

तो अडखळला. “बोचणारं,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “म्हणजे, बोचणारं बोलणं.”

वडिलांनी घसा साफ केला. “सर, मध्येच बोलतो, माफ करा. पण कॉस्टिक बोचत नाही.”

मुलाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “बाबा, ते कॉस्टिक वेगळं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “हा इंग्रजी शब्द आहे.”

हे वाक्य मी कधी विसरेन असे वाटत नाही. बापाने सत्तावीस वर्षे तोंडात वागविलेला शब्द मुलाच्या लेखी इंग्रजी नव्हताच. तो कारखान्याचा शब्द होता. इंग्रजी शब्द म्हणजे वहीतला.

“बोला ना, बोला,” मी म्हणालो.

त्यांनी उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली. मनगटापासून वर वीतभर कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि निराळ्याच रंगाची होती. “कॉस्टिक सोडा,” ते म्हणाले. “पंधरा-सोळा वर्षं झाली. चूक माझीच होती. ॲसिड अंगावर उडालं की माणूस लगेच ओरडतो, लगेच पाण्याखाली धावतो. कॉस्टिकचं तसं नाही, सर. ते आधी साबणासारखं लागतं, बुळबुळीत. आपल्याला वाटतं, काही झालं नाही. आपण हात पुसतो नि कामाला लागतो. ते आत आत जात राहतं. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.” त्यांनी बाही खाली ओढली. “म्हणून म्हटलं, बोचत नाही.”

कोणीच काही बोलेना. कौलांवर पाऊस वाजत होता. तो शब्द मी तीस वर्षे शिकवीत आलो होतो. ग्रीक भाषेतील 'जाळणारे' अशा अर्थाच्या शब्दापासून तो निघाला, हे मला ठाऊक होते. कोशातले त्याचे सारे अर्थ, त्याचे वाक्यातले उपयोग, हे सर्व मी फळ्यावर लिहिलेले होते. परंतु जाळण्यापूर्वी ते साबणासारखे लागते, ही गोष्ट मला कोणत्याच कोशाने सांगितली नव्हती. आणि ती कळताच, चहाचा पेला हातात असताना, मला एकाएकी एका जुन्या पत्राची आठवण झाली.

माझे वडील पोलादपूर तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. फायनलच्या पुढे त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. इंग्रजी शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते; पण तर्खडकरांची पाठमाला घेऊन, दिवसभर पोरांना बाराखडी शिकवून झाल्यावर, रात्री कंदिलाच्या उजेडात ते एकटेच इंग्रजी शिकत. मी पुण्यास गेल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मला एक पत्र पाठविले, आणि ते इंग्रजीत लिहिले. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या लहान माणसाला दिलेला तो मान होता, हे आज कळते. पत्र चौदा ओळींचे होते. त्यात भाताची लावणी झाल्याचे, म्हैस व्याल्याचे आणि आईच्या खोकल्याला उतार पडल्याचे वर्तमान होते. शेवटी मी रात्री जागू नये अशी सूचना होती. त्या चौदा ओळींत व्याकरणाच्या अकरा चुका होत्या. ही संख्या मला ठाऊक आहे, कारण मी त्या मोजल्या होत्या. लाल शाईने मी त्या एकूण एक दुरुस्त केल्या, समासात त्याच आठवड्यात पाठ केलेला 'सॉलेसिझम' हा शब्द लिहिला, आणि ते पत्र त्यांना परत धाडून दिले. सोबत अत्यंत सौजन्याने दोन ओळी लिहिल्या, की तुमची प्रगती समाधानकारक आहे, अभ्यास चालू ठेवावा. त्या ओळींत कोठेही काटा नव्हता. त्या साबणासारख्या गुळगुळीत होत्या.

अण्णांचे पुढचे पत्र मराठीत आले. त्यानंतरची सगळी मराठीतच आली. त्यांनी त्याविषयी कधी एक अक्षर काढले नाही आणि मीही काढले नाही. ते जाऊन आता बारा वर्षे झाली.

'सॉलेसिझम' म्हणजे भाषेतला अशुद्ध प्रयोग, एवढाच अर्थ मी पाठ केला होता. त्या शब्दाची कुळकथा मी पुष्कळ वर्षांनी वाचली. आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावर, किलिकिया प्रांतात, सोलोई नावाची ग्रीकांची एक वसाहत होती. मूळ मुलुखापासून दूर पडल्यामुळे तेथील लोकांची बोली बिघडली, असे जुने ग्रीक लेखक सांगत. आणि त्या गावाच्या नावावरूनच अशुद्ध बोलण्याला हे नाव पडले. म्हणजे राजधानीतल्या माणसांनी वसाहतीतल्या माणसांना ठेवलेले हे नाव. मी पुण्यात बसून पोलादपुरास नेमके तेच नाव ठेवले होते, आणि त्याचा अर्थ मला परीक्षेपुरता पाठ होता.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. शब्द माणसाला येतो म्हणजे नेमके काय होते, याचा विचार करीत मी पडून राहिलो.

आपल्या पूर्वजांना पाठांतराचे वावडे नव्हते. पाठशाळेतली मुले अख्खा अमरकोश मुखोद्गत करीत. परंतु अमरसिंहाने आपले शब्द वर्णानुक्रमाने लावले नाहीत. काळाचे शब्द एका ठिकाणी, पाण्याचे एका ठिकाणी, नगराचे, पर्वताचे, वनौषधींचे आपापल्या ठिकाणी, असे त्याने वर्ग पाडले. पाण्याचे नाव आठवले की नदीचे आठवावे, नदीचे आठवले की तिच्या काठाचे आठवावे, अशी ती सोय होती. आमच्याच तालुक्यातील रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकरवी राज्यव्यवहारकोश तयार करविला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या त्या कोशाचेही दहा वर्ग आहेत, आणि त्यांत दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशी कामाची वाटणी आहे. गडावरील माणसाला गडाचे शब्द एकत्र सापडावेत, बाजारातील माणसाला बाजाराचे. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात नेली. वर्णानुक्रम त्याने पाळला खरा. पण शब्दाच्या शेजारी त्याचे वाक्प्रचार, त्याच्या म्हणी आणून बसविल्या. म्हणून तो कोश आजही कोठेही उघडून वाचीत बसावा असा झाला आहे. शब्दाला एकटे ठेवू नये, हे या तिघांनाही कळले होते.

महाडाहून रायगडाच्या रस्त्याला लागले की नाते नावाचे गाव लागते. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली त्या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले, आणि १९१८ साली आय. सी. एस.च्या परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि देशाचे अर्थमंत्रीही झाले. या भागातील मुलांना हुरूप यावा म्हणून मी हा दाखला वर्गात नेहमी देत असे. बघा, याच मातीतला मुलगा इंग्रजांच्या परीक्षेत इंग्रजांच्या पुढे गेला, असे मी म्हणे. पण मी अर्धीच गोष्ट सांगत होतो. मॅट्रिकला त्यांना मिळालेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती संस्कृतची होती, आणि अधिकाराच्या ऐन भरात असताना त्यांनी मेघदूताचे मराठीत भाषांतर केले, हा उत्तरार्ध माझ्या सांगण्यात राहून जाई. ज्याला 'दन्त' ठाऊक आहे त्याला 'डेंटल' परका नाही. 'पाद' जाणणाऱ्याला 'पेडल' आणि 'मृत' जाणणाऱ्याला 'मॉर्टल' पाहताक्षणी ओळख देतो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच मुळाच्या भाषा असाव्यात असे बोलून दाखविले, तेव्हापासून हे आप्तपण जगजाहीर आहे. इंग्रजी शिकण्यासाठी आपली भाषा उंबरठ्याबाहेर काढून ठेवावी लागते, हा समज मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी अजून उराशी धरला आहे. मी तो धरला होता, म्हणूनच ती लाल शाई.

आणि शब्दाचा अर्थ शेवटी कोशात ठरत नसून व्यवहारात ठरतो, हे महाडाइतके स्पष्टपणे फार थोड्या गावांनी पाहिले असेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. 'सार्वजनिक' हा शब्द अशा रीतीने दप्तरात दाखल झाला, आणि दप्तरातच राहिला. त्याला अर्थ आला तो २० मार्च १९२७ रोजी, जेव्हा डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर जो छळ झाला आणि जो खटला चालला, त्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. एका शब्दाचा अर्थ प्रस्थापित होण्यास एवढे सोसावे लागले. १९२७ सालच्याच डिसेंबरात महाडास भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेल्या त्या पंडिताला इंग्रजी शब्दांची काय वाण होती? परंतु खेड्यापाड्यांतून चालत आलेल्या माणसांपुढे फ्रान्सची गोष्ट त्यांनी मराठीत मांडली. शब्दसंग्रह मोठा असणे म्हणजे काय, याचे माझ्या मते हे उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आला तेव्हा मी त्याला म्हणालो, “वहीत तिसरा रकाना पाड.”

“त्यात काय लिहायचं?”

“हा शब्द तुला कोठे भेटला, ते लिहायचं. भेटला नसेल, तर रकाना कोरा ठेवायचा. आणि तो शब्द आला असं समजायचं नाही.”

त्याला हे पसंत पडले नाही. शंभरांचे पंधरा झाले. “सर, अशानं परीक्षेपर्यंत साडेतीन हजार होणार नाहीत,” तो चार दिवसांनी कुरकुरला.

“होणार नाहीत,” मी म्हणालो. “पण झालेले राहतील.”

मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. त्या भयंकर यादीतले कितीतरी शब्द त्याच्या घरातच राहत होते. 'व्होलाटाइल' तेथे होता, 'इनर्ट' होता, 'प्रेसिपिटेट' होता, 'सॅच्युरेट', 'कॅटॅलिस्ट' आणि 'रेसिड्यू' हेही होते. रात्री जेवताना तो वडिलांना विचारू लागला, आणि सकाळी तिसऱ्या रकान्यात त्यांची वाक्ये दिसू लागली. व्होलाटाइल म्हणजे झाकण उघडे राहिले तर उडून जाते, आणि ठिणगी मिळाली तर आपल्यालाही घेऊन जाते. तापट माणसाच्या स्वभावाला हा शब्द का लावतात, ते मग मला सांगावे लागले नाही. टाकीत नायट्रोजन भरून ठेवतात तो इनर्ट. तो कोणाशी भांडत नाही आणि कोणाशी बोलत नाही, पण तो आत असला म्हणजे आग लागत नाही. प्रेसिपिटेट म्हणजे दोन निवळ द्रव एकत्र करताच एकदम तळाशी बसणारा साका. तोच शब्द उतावळेपणाने केलेल्या कृत्यालाही का लागतो, ते त्या 'एकदम'मध्ये आले.

एकदा त्याने 'एफ्लुएंट' हा शब्द आणला. कारखान्यातून बाहेर जाणारे सांडपाणी, असे वडिलांनी सांगितले होते. मी त्याला लॅटिनमधला 'वाहणे' या अर्थाचा धातू सांगितला, आणि आम्ही खिडकीशी बसून त्याचे गोत जमविले. जीभ वाहू लागली की माणूस फ्लुएंट. पैसा वाहत आला की अॅफ्लुएंट. एकाचे मन दुसऱ्यात वाहत गेले की इन्फ्लुएन्स. भांडे भरून वर वाहू लागले की सुपरफ्लुअस. आणि आमची गांधारी ज्या ठिकाणी सावित्रीस मिळते ते कॉन्फ्लुएन्स. एका धातूवर अर्धा तास गेला आणि सहा शब्द झाले. पण ते सहा शब्द आता त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही. महाडात राहणाऱ्या माणसाला वाहत्या पाण्याचा विसर पडणे कठीण आहे.

सगळेच शब्द असे घरी भेटतात, असे मला म्हणावयाचे नाही. 'पल्क्रिट्यूड' हा सौंदर्यवाचक आणि स्वतः अत्यंत कुरूप असलेला शब्द कोणत्याही पाळीला कारखान्यात येत नाही. अशा शब्दांना भेटावयाचे तर पुस्तकांच्याच गावी जावे लागते, आणि त्या गावचा रस्ता वाचनावाचून दुसरा नाही. चांगल्या निबंधात, कादंबरीत, अग्रलेखात शब्द आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसह वावरताना दिसतो. तेथे दोन-तीनदा गाठ पडली की मग यादीची गरज उरत नाही. यादी फार तर हजेरीपट म्हणून वापरावी. हजेरीपटावरून मुलांची नावे पाठ करता येतात, मुले मात्र कळत नाहीत.

आता तिसऱ्या रकान्याविषयी. ती कल्पना माझी नव्हे, हे कबूल केल्यावाचून हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडातील आमच्या जुन्या घरात पाणी शिरले. अण्णांची पत्र्याची ट्रंक खालच्याच खोलीत होती. चिखल उपसल्यावर तीतले कागद मी काढले, पंख्याखाली वाळविले आणि न वाचताच एका धोतरात बांधून माळ्यावर टाकून दिले. न वाचण्यास वेळ नव्हता हे कारण मी स्वतःला दिले होते. 'कॉस्टिक'च्या त्या रात्री, घरातली सारी निजल्यावर, मी ते गाठोडे खाली काढले.

माझे पत्र, म्हणजे त्यांचे पत्र, त्यात होते. त्यांनी ते जपून ठेवले होते. परंतु पाण्याने शाई पसरून गेली होती. त्यांची निळी आणि माझी लाल मिळून एक जांभळट डाग तेवढा उरला होता. एकही अक्षर लागत नव्हते, आणि अकरा चुकाही कोठे दिसत नव्हत्या. त्याखाली एक शाळेची वही होती. ती शिसपेन्सिलीने लिहिलेली असल्यामुळे पुराच्या पाण्याने तिचे काही बिघडले नव्हते. आत अण्णांचे ते ठसठशीत अक्षर. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी अर्थ, आणि उजवीकडे, अगदी बारीक, तो शब्द त्यांना कोठे मिळाला त्याची नोंद. 'पाठमाला.' 'एस. टी.ची पाटी.' 'खताच्या पोत्यावर.' 'साहेबांच्या तपासणीचे वेळी.' 'औषधाची बाटली.' अशी पाने मी उलटीत गेलो. शेवटचा शब्द 'सॉलेसिझम' हा होता. अर्थ लिहिला होता : बोलण्या-लिहिण्यातील दोष. आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले होते : 'चिरंजीवांचे पत्र.'

त्यापुढे वही कोरी आहे.

मी पुष्कळ वेळ ते पान पाहत बसलो. मग पेन्सिल शोधून आणली, आणि त्याखालच्या ओळीवर 'कॉस्टिक' हा शब्द लिहिला. अर्थाच्या रकान्यात काय लिहावे ते मला ठाऊक होते. तिसऱ्या रकान्यात मी लिहिले : 'विद्यार्थ्याच्या वडिलांकडून, आणि त्याआधी, माझ्याच एका पत्रावरून.'